डग्लस डर्ट-ट्रॅक मोटरसायकल दोन-तीन वर्षांत मागे का पडली?

आपण विचारलेला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमके कशाचे उत्तर देत आहे हे इतर वाचकांनाही कळेल. इंग्लंडमधल्या एका संग्रहालयात आपण स्पीडवेच्या, म्हणजे मातीच्या मैदानावर होणाऱ्या शर्यतींच्या (ज्यांना तेव्हा डर्ट-ट्रॅक म्हणत), दोन जुन्या मोटरसायकली शेजारी-शेजारी उभ्या पाहिल्या. एक १९२९ ची डग्लस, दोन सिलिंडरची, लांब आणि बसकी. दुसरी त्यानंतरच्या काळातली, एकाच उभ्या सिलिंडरचे जॅप (लंडनच्या एका कारखान्याचे) इंजिन बसवलेली, सायकलीसारखी हडकुळी. दोन्हींची इंजिने ५०० सीसीच्या घरातली. डग्लसने १९२८ आणि १९२९ चे मोसम गाजवले असे आपण तिथल्या फलकावर वाचले आणि तरीही पुढे दोन-तीन वर्षांतच ती मैदानावरून जवळजवळ नाहीशी झाली, याचे आपल्याला आश्चर्य वाटले. जॅपचे इंजिन अधिक ताकदवान होते एवढेच याचे कारण आहे का, या गाड्यांना ब्रेक का नसत, आणि आपल्या घरी असलेल्या जुन्या जावाचा स्पीडवेच्या जावाशी काही संबंध आहे का, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत.

मी मूळचा सांगली जिल्ह्यातला असून गेली सव्वीस वर्षे कॉव्हेंट्रीजवळच्या एका लहान वर्कशॉपमध्ये जुन्या रेसिंग इंजिनांची दुरुस्ती करतो. माझ्या हाताखालून गेलेल्या इंजिनांत स्पीडवेची जॅप सर्वांत जास्त, काही रज (कॉव्हेंट्रीच्या रज कंपनीची) आणि मोजक्याच डग्लस आहेत. त्यामुळे पुढचे विवेचन हे बरेचसे लेथवर आणि मैदानाच्या कडेला उभे राहून तयार झालेले मत आहे, हे लक्षात घेऊन वाचावे.

माझ्या मते आपल्या प्रश्नाचा खरा गाभा इंजिनात नाही, मैदानाच्या पृष्ठभागात आहे. कोणती गाडी चांगली असे विचारले की मी नेहमी उलट विचारतो, कोणत्या मातीवर? स्पीडवेची गाडी ही मैदान, स्वार आणि यंत्र या तिघांच्या जोडणीतून घडते. यातला एक बदलला की उरलेल्या दोघांना बदलावेच लागते. १९२९ ते १९३१ या काळात मैदान बदलले, त्यामागे स्वाराची पद्धत बदलली, आणि मग डग्लसची जी वैशिष्ट्ये तिचे बळ होती तीच तिला जड झाली.

हे समजण्यासाठी आधी आडवी घसरण म्हणजे काय ते नीट पाहावे लागेल. आपल्याकडे शाळकरी मुले मातीच्या मैदानात सायकलची स्किड मारतात. त्यात मागचा ब्रेक दाबून चाक जाम केलेले असते आणि सायकल आडवी घसरून थांबते. स्पीडवेचा स्वार याच्या बरोबर उलटे करतो. वळणाच्या तोंडाशी तो गाडी डावीकडे कलती करतो आणि मागच्या चाकाला इतकी ताकद देतो की ते जमिनीपेक्षा वेगाने फिरू लागते. टायर मातीवर जितका जास्त फिरतो तितकी त्याची बाजूची पकड कमी होते, आणि गाडीचा मागचा भाग उजवीकडे, म्हणजे मैदानाच्या बाहेरच्या अंगाला सरकतो. गाडी पूर्ण फिरून पडू नये म्हणून पुढचे चाक उजवीकडे वळवून धरावे लागते. प्रथमच पाहणाऱ्याला हे चुकीचे वाटते, कारण वळण डावीकडे आणि हँडल उजवीकडे. आता घसरणीचा कोन वाढवायचा की कमी करायचा हे उजव्या मुठीतल्या ॲक्सिलरेटरवर आणि स्वाराच्या अंगाच्या तोलावर ठरते. म्हणजे गाडी वळवण्याचे निम्मे काम हँडल करते आणि निम्मे काम इंजिन करते.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. आडवे घसरणारे चाक स्वतःच वेग खाते, म्हणून वळणावर वेगळ्या ब्रेकची गरज उरत नाही. शिवाय चार स्वार एकमेकांना चिकटून एकाच वळणात शिरत असताना पुढच्याने अचानक ब्रेक दाबला तर मागच्यांना सुटकेला जागा नसते. ब्रेक नसणे हा तिथे सर्वांच्या सुरक्षिततेचा करार आहे. गिअर बदलण्याचीही गरज नसते, कारण सुरुवातीचे काही मीटर क्लचवर सांभाळले की पुढे संपूर्ण शर्यत एकाच गिअरमध्ये होते. आरंभीच्या गाड्यांवर तीन गिअरची पेटी असे, कारण त्या मुळात रस्त्यावरच्या किंवा रस्त्यावरच्या शर्यतींच्या गाड्या होत्या. पुढे ती पेटी अनावश्यक वजन म्हणून काढून टाकण्यात आली.

आता थोडा इतिहास, कारण यंत्र कोणत्या क्रमाने घडले ते त्याशिवाय कळणार नाही. मातीच्या गोल मैदानावर मोटरसायकल आडवी घसरवण्याची करामत पहिल्या महायुद्धापूर्वी अमेरिकेत डॉन जॉन्स यांनी दाखवली होती. परंतु आजच्या स्पीडवेची सलग परंपरा सांगायची तर ती ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समधल्या वेस्ट मेटलँड या गावापासून सांगतात. तिथल्या कृषी संस्थेचे सचिव जॉनी हॉस्किन्स हे न्यूझीलंडचे. त्यांनी १५ डिसेंबर १९२३ रोजी प्रदर्शनाच्या मैदानावर विजेच्या दिव्यांखाली रात्रीचा कार्यक्रम ठेवला आणि त्यात मोटरसायकलींच्या शर्यतीही घेतल्या. मैदान शेतकी प्रदर्शनाचे, गाड्या रस्त्यावरच्याच. मडगार्ड, दिवे आणि सायलेन्सर काढून हलक्या केलेल्या. प्रयोग लोकांना आवडला, पुढे न्यूकॅसल, सिडनी, ब्रिस्बेन आणि पर्थ इथे मैदाने सुरू झाली, आणि हॉस्किन्स, ए. जे. हंटिंग यांच्यासारख्या आयोजकांनी या शर्यतींना नियमित मोसमाचे रूप दिले.

या काळात ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनची ३५० सीसीची एक सिलिंडरची लहान गाडी, जिला तिच्या फट्फट आवाजामुळे पीशूटर म्हणत, फार लोकप्रिय होती. मला ही गाडी महत्त्वाची वाटते ती एका कारणासाठी. तिच्या लहान इंजिनाने एक गोष्ट आधीच सिद्ध केली होती, की मातीवर निव्वळ ताकदीपेक्षा हलकेपणा आणि ती ताकद चाकापर्यंत पोचण्याची रीत जास्त कामाला येते. इंग्लंडने हाच धडा काही वर्षांनी पुन्हा गिरवला.

इंग्लंडमध्ये १९२७ साली कॅम्बर्ली आणि ड्रॉयल्सडेन इथे मातीवरच्या शर्यतींचे प्रयोग झाले होते, पण खेळ पेटला तो १९ फेब्रुवारी १९२८ च्या रविवारी, लंडनच्या सीमेवरच्या एपिंग जंगलातल्या हाय बीच इथे, एका मद्यगृहामागच्या मैदानावर. आयोजक क्लबने काही हजार लोकांची व्यवस्था केली होती. आले सुमारे तीस हजार. प्रेक्षक मैदानाच्या बाहेरही उभे होते आणि आतल्या बाजूलाही. बिली गॅलोवे यांच्यासारखे ऑस्ट्रेलियन स्वार तिथे उतरले होते. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत देशभर डझनावारी मैदाने उभी राहिली, आणि १९२९ मध्ये संघांच्या लीग सुरू झाल्या. एका वर्षात इतकी मैदाने आली म्हणजे त्यांच्यासाठी गाड्याही एका वर्षातच हव्या होत्या, आणि त्या क्षणी सर्वांत योग्य गाडी ब्रिस्टलजवळच्या किंग्जवुड इथल्या डग्लस कंपनीकडे जवळजवळ तयार होती.

डग्लसचे इंजिन आडवे. त्याचे दोन सिलिंडर समोरासमोर, एक पुढच्या चाकाकडे तोंड करून आणि एक मागच्या चाकाकडे. ५०० सीसीच्या गाडीत बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिलिमीटर आणि स्ट्रोकही (पिस्टनच्या चालीची लांबी) ६८ मिलिमीटर, म्हणजे ४९४ सीसी. मोठ्या गाडीत स्ट्रोक ८२ मिलिमीटर, म्हणजे ५९६ सीसी. अशा इंजिनात दोन पिस्टन एकाच वेळी विरुद्ध दिशांना जातात, त्यामुळे एकाचा धक्का दुसरा खाऊन टाकतो आणि इंजिन अतिशय शांतपणे फिरते. रस्त्यावरच्या शर्यतींत हे इंजिन आधीच कसाला लागले होते. १९२३ च्या आयल ऑफ मॅन शर्यतींत टॉम शीअर्ड यांनी ५०० सीसीची सीनियर टीटी (टूरिस्ट ट्रॉफी) ही शर्यत डग्लसवर जिंकली आणि फ्रेडी डिक्सन यांनी साइडकारची शर्यत डग्लसवरच, वळणात कलणारी साइडकार लावून जिंकली. १९२८ मध्ये याच घराण्यातून डर्ट-ट्रॅकचे मॉडेल निघाले, आणि १९२९ मध्ये अशा हजारावर गाड्या विकल्या गेल्या.

डग्लस लांब असण्याचे कारण उघड आहे. दोन सिलिंडर एकामागे एक झोपवले की त्यांच्यासाठी चौकटीत लांब जागा लागते, आणि दोन्ही चाकांतले अंतर आपोआप वाढते. वजन सगळे खाली. त्यात तिची चौकट किंचित लवणारी होती. आजच्या मापाने हा दोष म्हणता येईल, परंतु त्या काळच्या मैदानावर हे सगळे गुण होते, आणि इथेच मला थोडे थांबून सांगायचे आहे.

१९२८ ची मैदाने सिंडरची होती. सिंडर म्हणजे बॉयलरमधून निघणारी कोळशाची जळकी, खडबडीत खडी. मुंबईकडे जुन्या इमारतींच्या बांधकामात ती वापरत असत, त्यामुळे काही वाचकांना हा शब्द ओळखीचा असेल. मैदानावर ती सैल आणि जाड पसरलेली असे. अशा जाड थरात मागचे चाक फिरू लागले की ते खाली रुतते आणि बाजूला सिंडरचा एक ढीग उभा करते. गाडी पूर्ण आडवी झाली तरी त्या ढिगाचा टेकू मिळतो, आणि चाक फेकत असलेली खडी गाडीला पुढेही ढकलते. म्हणून त्या थरावर जितके जास्त आडवे जाल तितके भव्यही दिसते आणि वेगही फारसा जात नाही. स्वार वळणाच्या सुरुवातीलाच गाडी आडवी टाकत, डावा पाय मागे ओढत ठेवत, उजव्या गुडघ्याने टाकीजवळचा आकडा घट्ट धरत आणि अर्धे वळण त्याच स्थितीत पार करत. यालाच पाय मागे ओढण्याची पद्धत म्हणत. अमेरिकेतून आलेले लॉइड एल्डर, ज्यांना सगळे स्प्राउट्स एल्डर म्हणत, हे उंच अंगकाठीचे स्वार या पद्धतीत इतके निष्णात होते की लोक त्यांच्यासाठी तिकिटे काढत.

डग्लस जणू याच पद्धतीसाठी जन्मलेली. लांब गाडीची घसरण सावकाश सुरू होते आणि सावकाशच थांबते, त्यामुळे कोन सांभाळायला वेळ मिळतो. वजन खाली असल्यामुळे गाडी जमिनीला जवळजवळ टेकवून नेता येते. शांत फिरणारे इंजिन आणि बाहेर बसवलेले जड फ्लायव्हील (इंजिनाची गती एकसारखी ठेवणारे चाक) यांमुळे चाकाला मिळणारी ताकद झटक्याने बदलत नाही. माझ्याकडे एकदा दुरुस्तीला आलेल्या डग्लसच्या चौकटीची खालची नळी मी अजून विसरलेलो नाही. तिच्या उजव्या अंगावर मूळचा रंग बराचसा शाबूत होता. डाव्या अंगावर मात्र रंग पार खरवडून धातू उघडा पडला होता, आणि ओरखडे सगळे एकाच तिरक्या दिशेचे होते. ती गाडी कोणत्या पद्धतीने चालवली गेली हे सांगायला दुसऱ्या पुराव्याची गरज नव्हती. मालकाने ती नळी घासून पुन्हा रंगवून मागितली होती. मी त्यांना ती तशीच ठेवण्याची विनंती केली आणि त्यांनी ती मानली.

हे तंत्र अंगबळाचे नव्हे, तोलाचे होते, याचा एक पुरावा म्हणजे फे टेलर. आयर्लंडच्या या तरुणीने १९२८ मध्ये इंग्लंडच्या मैदानांवर जागा मिळवली, त्यानंतरच्या हिवाळ्यात ऑस्ट्रेलियात जाऊन शर्यती केल्या आणि पुरुष स्वारांना हरवले. यॉर्कशरच्या ईवा ॲस्क्विथ याही त्याच काळातल्या. १९३० मध्ये ब्रिटनमध्ये महिलांना या शर्यतींतून वगळण्यात आले. या निर्णयाने खेळाचे मोठे नुकसान केले असे माझे स्पष्ट मत आहे, कारण यंत्र हलके आणि तंत्र सूक्ष्म होत असतानाच हलक्या अंगाच्या कुशल स्वारांना दार बंद झाले.

मग बदलले काय? मैदान. एका मैदानावर आठवड्याला शर्यती होऊ लागल्या की चाकांनी उडवलेली सिंडर बाहेरच्या कुंपणाशी साचते आणि आतला मार्ग उघडा पडतो. धूळ बसावी म्हणून पाणी मारले जाते, सपाटीकरण होते, थर दाबला जातो. अशा रीतीने सैल, जाड थराच्या जागी पातळ आणि घट्ट थर येतो. या थरात चाक रुतत नाही, बाजूला ढीग उभा राहत नाही आणि पूर्ण आडव्या गाडीला टेकू मिळत नाही. तिथे जास्त आडवे जाणे म्हणजे केवळ वेग वाया घालवणे. याउलट जो स्वार गाडी थोडी उभी ठेवतो, कोन लहान ठेवतो आणि मागच्या चाकाची पकड सरळ रेषेत लवकर मिळवतो, तो वळणातून आधी बाहेर पडतो. त्यासाठी डावा पाय मागे ओढून चालत नाही. तो पुढे टाकून, बुटावर चढवलेल्या लोखंडी तळव्यावर सरकवत, गाडीला टेकू द्यावा लागतो. पाय पुढे ठेवण्याची ही पद्धत आजही रूढ आहे.

आता हीच नवी पद्धत डग्लसवर करून पाहिली तर काय होते ते पाहा. गाडी लांब असल्याने कोन पटकन बदलत नाही. इंजिन खाली आणि आडवे असल्याने ताकद दिल्यावर वजन मागच्या चाकावर हवे तितके सरकत नाही, आणि घट्ट पृष्ठभागावर पकड मिळवण्यासाठी नेमके तेच हवे असते. उभ्या सिलिंडरच्या गाडीत वजन उंचावर असते, ॲक्सिलरेटर उघडताच ते मागे झुकते आणि टायर मातीत दाबला जातो. आणखी एक मुद्दा आम्हा कारागिरांत नेहमी चर्चेला येतो. डग्लसमध्ये क्रँकच्या (पिस्टनच्या पुढे-मागे चालीने फिरणाऱ्या दांड्याच्या) प्रत्येक फेरीला एक स्फोट होतो. एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांना एक. दोन धक्क्यांच्या मधल्या त्या मोकळ्या क्षणात टायर पुन्हा पकड घेतो, असा आमचा अनुभव आहे.

केवळ जॅपच्या ताकदीने डग्लस हरली असे मी का मानत नाही, याचे कारण काळाच्या क्रमात आहे. जॅप येण्यापूर्वीच कॉव्हेंट्रीच्या रज कंपनीची डर्ट-ट्रॅक गाडी डग्लसला मैदानात आव्हान देऊ लागली होती. रजचे इंजिन एका सिलिंडरचे, ८५ बाय ८८ मिलिमीटरचे, ४९९ सीसी, चार व्हॉल्व्हचे. गाडी डग्लसपेक्षा आखूड आणि उभी. पाय पुढे ठेवणाऱ्या स्वारांना ती मानवली. म्हणजे वारा आधीच फिरला होता; जॅपने त्या वाऱ्याला सर्वांत योग्य शीड लावले.

जॅप म्हणजे जे. ए. प्रेस्टविच, लंडनच्या टॉटनहॅममधले इंजिन बनवणारे कारखानदार. त्यांच्याकडचे अभियंता स्टॅन ग्रीनिंग यांनी स्पीडवेसाठी खास इंजिन आखले आणि स्टॅमफर्ड ब्रिजचे स्वार वॉल फिलिप्स व बिल ब्रॅग यांच्या मदतीने १९३० मध्ये ते घडवले. स्टॅमफर्ड ब्रिज म्हणजे चेल्सी फुटबॉल क्लबचे तेच मैदान. तेव्हा तिथे स्पीडवेही होत असे. या इंजिनाचे बोअर ८० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९९ मिलिमीटर. स्ट्रोक लांब ठेवल्यामुळे इंजिनाच्या कमी फेऱ्यांवरच जोर मिळतो, आणि वळणातून बाहेर पडताना स्वाराला तोच लागतो. त्यात अनावश्यक असे काहीही नव्हते. तेल फिरवून परत आणण्याची व्यवस्थासुद्धा ठेवलेली नव्हती. पंप थेंबथेंब ताजे तेल देई आणि वापरलेले तेल जमिनीवर सांडून जाई. चार फेऱ्यांच्या शर्यतीसाठी तेवढे पुरे होते.

इंधनाचे वेगळे सांगितले पाहिजे. स्पीडवेत प्रथम अल्कोहोल-मिश्रित इंधने आणि पुढे शुद्ध मिथेनॉल (अल्कोहोलचाच एक प्रकार) रूढ झाले. एक भाग पेट्रोल जाळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. मिथेनॉलला सुमारे ६.५ भागच पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेत दुपटीहून अधिक इंधन जाते, आणि त्याचे बाष्प होताना ते सिलिंडरमधली उष्णता शोषून घेते. त्यामुळे हवेवर थंड होणाऱ्या लहान इंजिनालाही उंच कॉम्प्रेशन (पेटण्याआधी मिश्रणावर दिलेला दाब) सोसते. सोबत वंगण म्हणून एरंडेल तेल, कारण ते अल्कोहोलमध्ये मिसळते आणि प्रचंड उष्णतेतही आपला थर सोडत नाही. जुन्या मैदानांचा जो गोडसर वास लोक आठवतात तो याच एरंडेलाचा. त्याची दुसरी बाजू आमच्या वाट्याला येते: वर्षानुवर्षे बंद पडलेल्या इंजिनात त्याचा लाखेसारखा कडक, पिवळसर थर बसतो आणि पिस्टनच्या रिंगा खाचेतच चिकटतात. मिथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. शर्यतीनंतर टाकी रिकामी करून कार्ब्युरेटर पेट्रोलने धुतला नाही तर काय होते, हे मी सुरुवातीच्या वर्षांत माझ्याच हयगयीने शिकलो. चाचणी घेतलेले इंजिन मी शनिवारी तसेच सोडून गेलो आणि तीन आठवड्यांनी कार्ब्युरेटर उघडला तेव्हा आत ओल्या पांढऱ्या भुकटीचा थर होता, जेट, म्हणजे इंधन सोडणारे बारीक छिद्र, बुजलेले होते. तो कार्ब्युरेटर वाचला नाही, आणि तसा दुसरा मिळवायला मला चार महिने लागले.

जॅपच्या यशाचे आणखी एक कारण व्यवहारातले आहे, आणि अभियांत्रिकीच्या पुस्तकात ते सहसा येत नाही. डग्लस संपूर्ण गाडी विकत असे; जॅप फक्त इंजिन विकत असे. त्यामुळे जॉर्ज वॉलिस यांच्यासारख्या चौकटी आखणाऱ्यांना मोकळे रान मिळाले. मैदान आखूड असेल तर आखूड चौकट, स्वार उंच असेल तर हँडल वेगळे, आणि या सर्वांत इंजिन मात्र एकच. स्वार स्वतःच्या पैशांनी गाडी घेत आणि दोन शर्यतींच्या मधल्या वेळात दुरुस्त करत; त्यांना एक सिलिंडर, एक कार्ब्युरेटर आणि कोणाकडूनही उसना मिळणारा सुटा भाग हवा होता. १९३६ मध्ये वेम्बली इथे पहिल्या जागतिक स्पर्धेचे विजेतेपद ऑस्ट्रेलियाचे लायोनेल व्हॅन प्राग यांनी मिळवले तोवर हा निकाल लागून गेला होता, आणि पुढे १९६० चे दशक उजाडेपर्यंत या खेळावर जॅपचेच राज्य राहिले.

आता यात परिस्थितीनुसार काय बदलते तेही सांगतो, कारण वरचे विवेचन वाचून डग्लस सर्वत्र एकदम निरुपयोगी झाली असा समज होऊ नये. मैदान मोठे आणि थर जाड असेल तिथे पाय मागे ओढणारे स्वार पुढेही तग धरून होते. ऑलिव्हर हार्ट यांच्यासारख्यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरही ती पद्धत सोडली नाही. पाऊस पडून पृष्ठभाग जड झाला की चित्र पुन्हा बदलते. स्वाराची उंची, वजन आणि सवय यांचाही फरक पडतो. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाची डग्लस आम्ही दुरुस्त करून आजच्या एका मैदानावर नेली. इथली मैदाने आता शेल नावाच्या लालसर खडकाच्या भुग्याची असतात. आपल्याकडचा बारीक मुरूम दाबून बसवावा तसा तो पृष्ठभाग दिसतो. अनुभवी स्वार दोन फेऱ्या मारून परत आला आणि म्हणाला की गाडी वळणात शिरते पण वळणातून निघत नाही. त्याच आठवड्यात तीच गाडी, तोच स्वार, एका शेतातल्या सैल वाळूच्या मार्गावर गेले, आणि तिथे डग्लस इतकी सहज, इतकी ऐटीत आडवी झाली की आम्ही कडेला उभे असलेले सगळे काही वेळ बोललोच नाही. टायर तेच होते, जेटही बदललेला नव्हता.

आपल्या जावाविषयी थोडक्यात. यारोस्लाव सिमांडल यांनी १९४९ मध्ये चेकोस्लोव्हाकियातल्या दिविशोव्ह इथे एसो नावाचा कारखाना काढून स्पीडवेची ५०० सीसीची फोर-स्ट्रोक इंजिने बनवायला सुरुवात केली, आणि १९६४ मध्ये तो कारखाना जावाकडे गेला. जॅपची सद्दी संपवली ती याच इंजिनाने. आपल्या घरची गाडी मैसूरच्या आयडियल जावाची असेल, तर ती त्याच मूळ कंपनीच्या परवान्यावर १९६१ पासून बनू लागलेल्या २५० सीसीच्या टू-स्ट्रोक गाड्यांपैकी आहे. नाव आणि मूळ घराणे एक, पण इंजिनातला एकही महत्त्वाचा भाग दोघींत समान नाही. त्यामुळे स्पीडवेच्या जावासाठी लिहिलेली मापे किंवा तेलाच्या सूचना आपल्या गाडीला कृपया लावू नयेत.

आपण पुन्हा त्या संग्रहालयात जाणार असल्याचे लिहिले आहे. तेव्हा दोन्ही गाड्यांच्या चाकांच्या मध्यांतले अंतर पावलांनी मोजून पाहा, मग खाली बसून प्रत्येक इंजिनाचा क्रँक जमिनीपासून किती उंचीवर आहे ते नजरेने ताडून पाहा. आणि डग्लसच्या चौकटीला पुन्हा रंग दिलेला नसेल, तर तिच्या डाव्या बाजूची खालची नळी वाकून जरूर पाहा.